रुळांपलीकडचा हॉल

(स्नेहमेळाव्याच्या सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा विषय सुचवला होता, 'एआय आणि आपल्या मुलांच्या नोकऱ्या'. मी संगणकवाली, तेव्हा ते साहजिकच होतं. पण त्या विषयावर आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी चार भाषणं येऊन पडतात, त्यात माझं पाचवं कशाला? मी त्यांना म्हटलं, मला एका हॉलविषयी बोलू द्या. तिकडून थोडा वेळ आवाजच आला नाही. मग ते म्हणाले, "बरं, पण वीस मिनिटांच्या वर नको, नाश्ता गार होतो." तेव्हा घड्याळ लावूनच उभी आहे.

आपण मनमाडची मुलं. म्हणजे आपल्यातले निम्मे तरी रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेले. कोणाचे वडील शेडमध्ये, कोणाचे वर्कशॉपमध्ये, कोणाचे गार्ड, कोणाचे गँगमन. रात्री दीड वाजता कॉल बॉयने दार वाजवलं की अख्खी चाळ जागी व्हायची, आणि पुलांचे गर्डर बनवणाऱ्या आपल्या १९०६ सालच्या वर्कशॉपच्या भोंग्यावर कुकर चढायचा. रेल्वे आपल्याला घर देत होती, दवाखाना देत होती, पास देत होती. पाणी मात्र ना रेल्वेला जमलं, ना नगरपालिकेला. (हसताय, म्हणजे अजूनही तीच स्थिती आहे.)

अशा गावात वाढल्यामुळे, शिकागोला कामानिमित्त दीड वर्ष राहिले तेव्हा तिथल्या ज्या जागेने मला सगळ्यात जास्त आपलंसं केलं, ती होती एक रेल्वेवाल्यांची वसाहत. तिचं नाव पुलमन. आज ते शहराच्या दक्षिण टोकाचं एक उपनगर आहे. लोकल गाडीने १११ व्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरायचं की समोर लाल विटांची घरं, ओळीने, आपल्या कॉलनीसारखीच. मी २०२२ मध्ये पहिल्यांदा गेले आणि मग चार-पाच वेळा गेले.

जॉर्ज पुलमन हा माणूस रेल्वेचे झोपायचे डबे बनवायचा. म्हणजे रात्रीच्या प्रवासाला गादी, चादर, पडदे आणि दिमतीला नोकर, असा ऐषारामी डबा. ते डबे तो रेल्वे कंपन्यांना भाड्याने चालवायला द्यायचा. धंदा वाढला तसं त्याने १८८० मध्ये शिकागोबाहेरच्या माळावर कारखाना आणि कारखान्याभोवती एक संपूर्ण गाव बांधायला घेतलं. घरात नळाचं पाणी, गॅसचे दिवे, बागा, शाळा, थिएटर, वाचनालय. १८८१ मध्ये नळाचं पाणी, हे मनमाडकरांनी लक्षात घ्यावं. लांबलांबून लोक हे आदर्श गाव बघायला यायचे.

आता त्या गावातली मेख सांगते. तिथली प्रत्येक वीट कंपनीची. कामगाराला घर भाड्याने मिळायचं, विकत घेता येत नसे. वाचनालयाला वर्षाची वर्गणी ३ डॉलर, म्हणून बहुतेक कामगार तिकडे फिरकत नसत. हिरव्या दगडाचं एक सुंदर चर्च बांधलं, पण पुलमनने त्याचंही भाडं एवढं लावलं की कोणत्याच पंथाला ते परवडेना. कित्येक वर्षं देवाचं घर भाडेकरूची वाट बघत रिकामं होतं. दारू फक्त हॉटेलात, ती पाहुण्यांना. आणि सभा? कंपनीच्या विरोधात चार माणसांनी एकत्र बसायचं म्हटलं तर गावात एकही खोली नव्हती. बारा हजारांच्या वस्तीत कंपनी जिची मालक नाही अशी चार भिंतींची जागाच नव्हती.

१८९३ मध्ये अमेरिकेत मोठी मंदी आली. डब्यांची मागणी घटली. पुलमन कंपनीने कामगारांना कमी केलं, उरलेल्यांचा पगार सरासरी पंचवीस टक्क्यांनी कापला. साहेबांचे पगार तसेच राहिले. भागधारकांना लाभांशही आठ टक्क्यांनी मिळत राहिला. आणि घरभाडं? ते एक पैसाही कमी झालं नाही. का, तर कंपनीचं म्हणणं असं की कारखाना वेगळा आणि घरं वेगळी, दोन्ही धंदे आपापल्या हिशेबाने चालतात. पगार वाटताना मात्र दोन्ही धंदे एक व्हायचे, भाडं आधी कापून घ्यायचे. तिथले एक मेथडिस्ट धर्मगुरू होते, विल्यम कार्वर्डाइन. त्यांनी लिहून ठेवलंय की भाडं कापून एका कामगाराच्या हातात दोन सेंटचा चेक पडला. त्याने तो वटवला नाही, चौकटीत बसवून ठेवला.

शिलाई विभागात जेनी कर्टिस नावाची एक तरुण मुलगी होती. डब्यातले पडदे, गालिचे शिवायची. तिचे वडीलही कंपनीतच होते. ते वारले तेव्हा घरभाड्याचे ६० डॉलर थकलेले होते. कंपनीने ते मुलीच्या पगारातून वसूल करायला सुरुवात केली. घरातलं माणूस गेलं, आणि त्याच्या भाड्याचा हप्ता मशीनवर बसलेल्या पोरीने भरायचा. पुढे सरकारी चौकशी आयोगापुढे तिने हे सगळं सांगितलं. ते नोंदलेलं आहे म्हणून आज मला तुम्हाला सांगता येतंय.

या लोकांना बोलायचं होतं. गाऱ्हाणं काय आहे, ते माझं एकट्याचं आहे की सगळ्यांचं, हे ठरवायला आधी एकमेकांसमोर बसावं लागतं. आणि बसायला जागा नाही. तेव्हा ते रूळ ओलांडून शेजारच्या केन्सिंग्टन नावाच्या वस्तीत जायला लागले. आदर्श गावाच्या कडेला असते तशी ती वस्ती. गुत्ते, छोटी दुकानं, कोणीही कोणाकडून भाड्याने घेतलेल्या खोल्या. पुलमनची हद्द रुळांपाशी संपायची. पलीकडे होता टर्नर हॉल.

टर्नर म्हणजे काय ते मला आधी कळेना. टर्नर म्हटलं की आपल्याला लेथ मशीनवरचा टर्नर आठवतो. हा टर्नर वेगळा. जर्मन भाषेत व्यायाम करणाऱ्यांना टर्नर म्हणतात. १८४८ ची क्रांती फसल्यावर जर्मनीतून बरेच लोक अमेरिकेत आले आणि त्यांनी गावोगावी व्यायामशाळा काढल्या. सरळ आपल्या भाषेत सांगायचं तर तालीम. डबलबार, मल्लखांबासारखे खांब, आणि संध्याकाळी त्याच जागेत गाणं, नाटक, सभा. आपल्याकडेही तालमीत कुस्तीबरोबर गावच्या गोष्टी ठरत आल्याच आहेत. या टर्नर हॉलच्या दारात कंपनीचा पहारेकरी नसे, म्हणून कामगार संघटनांना ते जवळचे वाटायचे.

पण तिथेही सुखाने बसू देत असं नाही. १८७७ मध्ये शिकागोतल्या अशाच दुसऱ्या एका टर्नर हॉलमध्ये लाकूडकाम करणाऱ्यांची शांतपणे बैठक चालू असताना पोलिस आत घुसले, लाठ्या चालवल्या, गोळीबार झाला, माणूस दगावला. पुढे न्यायालयाने पोलिसांना चुकीचं ठरवलं. शांतपणे एकत्र जमणं हा लोकांचा हक्क आहे, असं सांगितलं. म्हणजे हॉल मिळाला तरी त्यात बसण्याचा हक्क वेगळा मिळवावा लागला.

तर केन्सिंग्टनच्या या तालमीत १८९४ च्या वसंतात पुलमनचे कामगार अमेरिकन रेल्वे युनियनचे सभासद झाले. ही युनियन जेमतेम वर्षाची होती. तिचा अध्यक्ष युजीन डेब्स, हा एके काळी इंजिनावर कोळसा टाकणारा फायरमन. त्याची कल्पना साधी होती. आजवर ड्रायव्हरांची युनियन वेगळी, फायरमनची वेगळी, कंडक्टरांची वेगळी, आणि एकाने संप केला की दुसरा गाडी चालवायचा. आता रेल्वेवर काम करणारे सगळे एका छताखाली आणायचे.

मे महिन्यात कामगारांची समिती कंपनीला भेटली. पगार पूर्ववत करा, नाहीतर भाडं तरी कमी करा, एवढंच मागणं. समितीतल्या कोणाला त्रास होणार नाही असा शब्द मिळाला होता. लगेचच समितीतल्या तिघांच्या हातात नारळ पडला. १० मेच्या रात्री टर्नर हॉलमध्ये बैठक बसली. ११ मेला कामगार कारखान्यातून बाहेर पडले. पुढचे अडीच महिने तो हॉल म्हणजे संपाचं घर होतं. तिथेच रोजच्या सभा व्हायच्या आणि मदतीची व्यवस्था चालायची.

जूनमध्ये शिकागोत युनियनचं अधिवेशन भरलं. तिथे जेनी कर्टिस बोलायला उभी राहिली. तिने आपली हकिगत सांगितली आणि मदत मागितली. डेब्सला हा लढा इतक्या लवकर अंगावर घ्यायचा नव्हता, पण सभेचा कौल पडला. २६ जूनपासून देशभरातल्या रेल्वे कामगारांनी पुलमनचा डबा जोडलेली गाडी हलवायची नाही असं ठरवलं. लाखाहून जास्त लोक त्यात उतरले. शिकागोच्या पश्चिमेला रेल्वे जवळजवळ थांबली.

त्याचा शेवट तुम्हाला ओळखीचा वाटेल. टपाल अडतंय असं कारण पुढे करून केंद्र सरकारने न्यायालयाचा मनाईहुकूम मिळवला आणि फौज पाठवली. दंगल झाली, ठिकठिकाणी मिळून तीसच्या आसपास माणसं गेली. डेब्सला सहा महिन्यांची कैद झाली. ऑगस्टमध्ये कारखाना उघडला तो, युनियनमध्ये राहणार नाही असं लिहून दिलेल्यांसाठी. पुलमनच्या घरांतून हजारो माणसं उपाशी होती, ती राज्याच्या गव्हर्नरने स्वतः जाऊन पाहिली. संप हरला.

पण चार वर्षांनी, १८९८ मध्ये, इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डबे बनवायची सनद असलेल्या कंपनीने गावची मालकी ठेवायची नाही, घरं विकून टाका. जॉर्ज पुलमन त्याच्या आदल्याच वर्षी वारला होता. कामगार आपली कबर उकरतील या भीतीने त्याची शवपेटी काँक्रीट आणि रेल्वेच्या रुळांखाली पुरलेली आहे. तिथल्या केंद्रात ही गोष्ट सांगतात तेव्हा लोक हसतात. मला हसू आलं नाही. एवढं सुंदर गाव बांधलेल्या माणसाला शेवटी त्याच गावाची धास्ती वाटावी, हे वाईटच.

इथपर्यंतची गोष्ट ऐकायला बरी वाटते. धनी वाईट, कामगार चांगले, हॉल त्यांचा आसरा. मलाही पहिल्या भेटीत एवढंच दिसलं होतं. दुसऱ्या वेळी मी जवळच्याच दुसऱ्या संग्रहालयात गेले. ते पुलमनच्या पोर्टरांचं आहे, ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नावाचं.

पुलमनच्या डब्यात गाद्या घालणारे, बूट पुसणारे, सामान उचलणारे पोर्टर हे सगळे कृष्णवर्णीय होते. गुलामगिरी संपल्यावर पुलमनने मुद्दाम त्यांनाच घेतलं, कारण वाकून सेवा करण्याची सवय त्यांनाच आहे अशी त्याची समजूत. प्रवासी त्यांना नावाने हाक मारत नसत. सगळ्यांना एकच नाव, जॉर्ज. मालकाचं नाव जॉर्ज, म्हणून त्याचे नोकरही जॉर्ज. महिन्याला चारशेच्या आसपास तास काम आणि गुजराण बक्षिशीवर.

आता सांगा, १८९४ मध्ये पुलमनच्या विरोधात एवढी सगळी रेल्वे बंद पडली, तेव्हा पुलमनच्याच डब्यात राबणारे हे लोक कुठे होते? ते युनियनमध्ये नव्हते. त्यांना घेतलंच नव्हतं. जूनच्या त्याच अधिवेशनात कृष्णवर्णीयांना सभासद करावं का यावर मतदान झालं. डेब्सने करावं म्हणून बाजू मांडली. ११२ विरुद्ध १०० मतांनी ठरलं, घ्यायचं नाही. रेल्वेवर काम करणारे सगळे एका छताखाली, या कल्पनेचा तिथेच निकाल लागला. बारा मतांनी.

पोर्टरांनी मग आपली संघटना आपण उभी केली, पण त्यासाठी ३१ वर्षं जावी लागली. २५ ऑगस्ट १९२५ ला न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या एका हॉलमध्ये सभा झाली. रँडॉल्फ स्वतः पोर्टर नव्हते, म्हणून कंपनी त्यांना कामावरून काढू शकत नव्हती. पुलमनकडून देणग्या मिळत असल्यामुळे शिकागोतल्या अनेक कृष्णवर्णीय चर्चांनीही त्यांना सुरुवातीला जागा दिली नाही. बारा वर्षं झगडून १९३७ मध्ये, बरोबर २५ ऑगस्टलाच, कंपनीने करारावर सही केली. महिन्याचे तास २४० वर आले. याच संघटनेचे माँटगोमेरी गावातले पुढारी ई. डी. निक्सन हे १९५५ मध्ये रोझा पार्क्स यांना जामिनावर सोडवायला गेले आणि त्यांच्या पुढाकारातून बसवरचा तो प्रसिद्ध बहिष्कार उभा राहिला. ज्यांना १८९४ च्या हॉलने दाराबाहेर ठेवलं, त्यांनी आपल्या हॉलमधून एवढं केलं.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, अमेरिकेची गोष्ट अमेरिकेत. तर आता मनमाडला परत येऊ. पोर्टरांचा करार झाला ऑगस्ट १९३७ मध्ये. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला, आपल्या या गावात जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आपल्यातल्या काही घरांमध्ये ही तारीख पाठ आहे. काही घरांमध्ये, माझ्या घरी धरून, ती कोणाला माहीत नव्हती. वर्गात आपण एका बाकावर बसत होतो, पण घरी गेल्यावर गावाचा इतिहास आपल्याला वेगवेगळा मिळत होता.

बाबासाहेबांनी त्या भाषणात रेल्वेतली परिस्थिती नेमकी मांडली आहे. अस्पृश्य कामगाराला गँगमनचं काम मिळतं आणि आयुष्यभर तो गँगमनच राहतो. वर्कशॉपमध्ये वरच्या जागा त्याच्यासाठी नाहीत. आणि त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत. का? कारण स्टेशनमास्तर पोर्टरला आपल्या घरातली कामं सांगतो, आणि हा घरात कसा चालेल? मी हे वाचलं तेव्हा थांबले. अमेरिकेत त्याच काळात पोर्टर म्हणून फक्त कृष्णवर्णीय माणूस हवा होता, कारण सेवा त्यानेच करायची. आपल्याकडे पोर्टर म्हणून दलित माणूस नकोच होता, कारण त्याच्या हातची सेवाही विटाळ. दोन देश, एकाच नावाची नोकरी, कारणं उलटी, आणि ज्याला खाली ठेवायचं तो दोन्हीकडे खालीच.

त्याच भाषणात त्यांनी सांगितलं की इथल्या कामगारांचे शत्रू दोन आहेत, भांडवलशाही आणि ब्राह्मणशाही. आणि लगेच खुलासा केला की ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जातीची माणसं असं मी म्हणत नाही. स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारण्याची वृत्ती म्हणजे ब्राह्मणशाही, आणि ती सगळ्या जातींमध्ये शिरलेली आहे. शिकागोच्या त्या बारा मतांचा अर्थ मला मनमाडच्या भाषणाने समजला. डेब्सच्या युनियनला पहिला शत्रू दिसत होता. दुसरा शत्रू सभासदांच्या रांगेत बसलेला होता.

आणखी एक आठवण काढते, कारण समोर बसलेल्या सरांनी आणि बाईंनी ती डोळ्यांनी पाहिली आहे. १९७४ चा रेल्वे संप. ८ मेला सुरू झाला, २७ मेला मागे घेतला गेला. तेव्हा आपला जन्म व्हायचा होता. देशभर हजारोंना अटक झाली, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि ठिकठिकाणी क्वार्टर रिकामी करा म्हणून कुटुंबांवर दबाव आला. घर देणारा आणि पगार देणारा एकच असला की काय होतं ते पुलमनला १८९४ मध्ये कळलं आणि आपल्या आयांना १९७४ मध्ये. संपात काढून टाकलेल्यांना परत घेण्याचं काम १९७७ नंतर रेल्वेमंत्री झालेल्या मधु दंडवते यांनी केलं. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली तीही त्यांच्याच काळात. पंचवटीने आलेल्यांनी नाही, पण रात्रीच्या गाडीने आलेल्यांनी आज त्यांची आठवण काढायला हरकत नाही.

आता माझ्या धंद्याकडे येते, म्हणजे एआयवाल्या मंडळींचंही समाधान होईल.

मी जिथे जिथे नोकरी केली त्या कचेऱ्या म्हणजे छोटी पुलमन गावंच आहेत. कंपनीची बस, कंपनीचं कँटीन, कंपनीची व्यायामशाळा, पाळणाघर. सगळं चकाचक. आणि आमचं बोलणंसुद्धा कंपनीच्याच चॅटवर. तीन वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होते तिथे एका सोमवारी सकाळी आमच्या मजल्यावरच्या बावीस जणांचं लॉगिन चालेना. नोकरी गेल्याची मेल वैयक्तिक पत्त्यावर आली होती. माझी नोकरी राहिली. पण त्या बावीस जणांना एकमेकांशी बोलायचं तर कसं? सहा-सहा वर्षं शेजारी बसलेल्यांकडे एकमेकांचे फोन नंबर नव्हते, कारण गरजच पडली नव्हती. चॅट बंद म्हणजे ओळखच बंद. आम्ही दोघी-तिघींनी बसून नंबर जमवले.

मग प्रश्न आला जागेचा. एकीच्या सोसायटीचं क्लबहाउस मागितलं, तर कमिटी म्हणाली, वाढदिवस असेल तर देतो, असल्या मीटिंगला नाही. हॉटेलात बावीस माणसं मोकळेपणी बोलू शकत नाहीत. शेवटी एका मंगल कार्यालयाच्या मालकाने दोन मुहूर्तांच्या मधला दीड तास दिला, पैसे न घेता. स्टेजवर अजून अंतरपाट लटकत होता, खाली अक्षता पडलेल्या. तिथे आम्ही गोल करून बसलो आणि प्रत्येकाने आपलं पत्र वाचलं. तेव्हा कळलं की कोणाला नोटिशीचा पूर्ण पगार दिलाय, कोणाला निम्मा. प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगितलं होतं की तुमच्यासाठी विशेष केलंय, कोणाला बोलू नका. एकीला सातवा महिना होता, आणि मेडिकल इन्शुरन्स त्याच दिवसापासून बंद. त्या दीड तासात एक पत्र लिहिलं, बावीस सह्या केल्या. नोकऱ्या परत मिळाल्या नाहीत. पण नोटिशीचा पगार सगळ्यांना सारखा मिळाला आणि इन्शुरन्स तीन महिने वाढला. तिचं बाळंतपण त्यात झालं.

मी प्रोग्रॅम लिहिते, माणसं जोडायची साधनं बनवणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे. तरीही सांगते, त्या दिवशी कामाला आली ती चार भिंतींची खोली, जिचा मालक आमचा मालक नव्हता.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझी विनंती. दुपारच्या सत्रात आपण शाळेच्या सभागृहासाठी निधी देण्याचा ठराव घेणार आहोत. पत्रे बदलायचे, फरशी, पंखे, स्वच्छतागृह, साउंड सिस्टिम. माझा वाटा मी दिलेला आहे, आणि अट म्हणून नाही, पण सूचना म्हणून मला ठरावात एक ओळ घालायची आहे. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी हे सभागृह गावातल्या कष्ट करणाऱ्या कोणालाही बैठकीसाठी विनामूल्य मिळावं. आशाताई, अंगणवाडीच्या सेविका, गोदामातले हमाल, रेल्वेतले कंत्राटी सफाई कामगार, घरोघरी पार्सल पोहोचवणारी पोरं. या सगळ्यांचा मालक वेगवेगळा, कधी कधी मालक कोण हेच त्यांना माहीत नसतं. कायम नोकरीवाल्या रेल्वेमनला निदान युनियनचं ऑफिस होतं. यांना झाडाखाली उभं राहावं लागतं.

काल काही मित्रांशी बोलले. त्यांची शंका रास्त आहे. शाळेत राजकारण शिरेल, उद्या कोणी झेंडा लावेल, संस्थेला त्रास होईल. म्हणून नियम करू. झेंडा नाही, दहा वाजता दिवे-पंखे बंद, झाडून किल्ली शिपाईमामांकडे परत. पण बैठकीचा विषय काय, हे विचारायचं नाही. विषय विचारून जागा देणारे पुलमनही होते आणि त्या सोसायटीची कमिटीही होती. आणि दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. जी संघटना जात, धर्म बघून किंवा बाई म्हणून कोणाला दारात अडवेल, तिला हे सभागृह नाही. १८९४ चा हॉल तिथे चुकला होता, आणि १९३८ च्या मनमाडला तेच सांगायचं होतं.

पाच लाखांचे पत्रे आणि पंखे आपण घालूच. लग्नसराईत सभागृह भाड्याने जाईल, संस्थेला उत्पन्न होईल, तेही चांगलं आहे. दोन संध्याकाळींचं भाडं बुडेल ते किती, याचा हिशेब मी मांडून आणला आहे. कागद संयोजकांकडे आहे. आपल्या बॅचमधल्या प्रत्येकाने महिन्याला शंभर रुपये दिले तरी ते भागतं. बाई, तुम्ही गणितात मला नेहमी पायऱ्या दाखवायला सांगायचात, म्हणून या वेळी सगळ्या पायऱ्या लिहिल्यात.

दुपारी हात वर करायची वेळ येईल. माझी ओळ ठरावात घ्यायची की नाही ते तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवा. वीस मिनिटं झाली. नाश्त्याला चला.